पायी चाललेला ट्रक

वडनेर भोलजीच्या देवानंद तायडेचा ट्रक महिनाभरापासून दम धरत नव्हता. सपाटीला ठीक पळायचा, पण चढ लागला की मागे काळा धूर आणि पुढे नुसता आवाज. दहा टन मका घेऊन घाट चढणारा हा गडी, आणि आता साध्या पुलाच्या चढावर एका सायकलवाल्याने त्याला मागे टाकलं. सायकलवाल्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही, हे देवानंदला जास्त लागलं.

नांदुऱ्याचा प्रसेनजित मिस्त्री त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने हवेचा फिल्टर बदलला, डिझेलचा बदलला, टाकी धुतली, पंप तपासला, आणि शेवटी टर्बो उघडून देवानंदच्या पुढ्यात धरला. मुठीत मावेल एवढा पंखा. इंजिनातून बाहेर पडणारा धूर त्याला मिनिटाला लाखभर फेरे फिरवतो आणि तो पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो, तेव्हा कुठे गाडीला ताकद येते, असं प्रसेनजितने समजावलं. देवानंद पंधरा वर्षं ट्रक चालवत होता, पण हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने बोटाने पंखा हलकेच फिरवला.

"म्हंजे जे आपून फेकून देतो, त्याच्यावरच हे चालते?"

"हाव," प्रसेनजित म्हणाला.

पंख्यात काहीच खोट नव्हती. प्रसेनजितने सगळं पुन्हा जोडलं, उभ्या गाडीत ॲक्सिलेटर दाबला, आणि ट्रक असा गरजला की समोरच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. "गाडी मस्त हाये," प्रसेनजितने निकाल दिला. "तुह्या मनातच चढ हाये."

त्याच आठवड्यात सुलतानपूरहून भाऊराव गुरुजींचा फोन आला. गावाने सहा वर्षं खपून नवं विहार बांधलं होतं. राजस्थानात घडवलेली बुद्धांची संगमरवरी मूर्ती नांदुऱ्यापर्यंत येऊन थांबली होती, आणि ती पुढे देवानंदच्या ट्रकमधून यावी अशी गावाची इच्छा होती. सुलतानपूर म्हणजे देवानंदच्या आईचं, सिंधूताईंचं माहेर. देवानंद ट्रकची तब्येत सांगायला तोंड उघडणार, तोच गुरुजी म्हणाले की सिंधूताईंशी बोलणं झालं आहे, आणि पोराचा ट्रक भिंतीवरही चढतो असं त्यांनी सांगितलं आहे. मग देवानंदने फक्त तारीख विचारून घेतली.

ठरल्या दिवशी सकाळी मूर्ती गवताच्या गादीवर बसवून ट्रकमध्ये बांधली. देवानंदने दोर आवळताना पांढरं कापड थोडं सरकलं आणि मूर्तीचा चेहरा दिसला. त्याने आजवर सिमेंट, खत, ढेप, म्हशी असं सगळं वाहिलं होतं. पण आपण नेत असलेल्या मालाने आपल्याकडे इतक्या शांतपणे पाहिलं, असं कधी झालं नव्हतं. त्याने कापड नीट केलं, आणि हात शर्टाला पुसले.

मूर्तीभोवती पांढऱ्या लुगड्यांतल्या वीसेक बायका बसल्या. केबिनमध्ये गुरुजी, आणि मागे दोन जीपगाड्या व दहा-बारा मोटारसायकली. तीन वाजता सुलतानपुरात कार्यक्रम होता. मोताळ्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. मग राजूर घाट सुरू झाला.

दुसऱ्या वळणावर ट्रकने दम सोडला. तिसऱ्यावर देवानंद पहिल्या गिअरवर आला. पाय फळीपर्यंत दाबलेला, आणि काटा दहाच्याही खाली. काळ्या धुराचा लोट मागे गेला. मूर्ती आणि बायका मिळून तीन टनही वजन नव्हतं. देवानंदच्या कपाळावर घाम आला. गुरुजींना आता काय सांगायचं, हे तो मनात जुळवू लागला.

पण मागे वेगळंच घडत होतं. ट्रक इतका हळू का, म्हणून मोटारसायकलवाल्यांनी आपापसात विचारलं, आणि कुणीतरी उत्तर दिलं की मूर्तीला धक्का लागू नये म्हणून. आधी दोघं उतरून गाड्या ढकलत चालू लागले. त्यांना पाहून जीपमधली माणसं उतरली. ट्रकमधल्या बायकांना बसून राहणं अवघड वाटलं, आणि एका वळणावर ट्रक जवळजवळ थांबला तशा त्याही उतरल्या. कुणीतरी बुद्धवंदना सुरू केली. समोरून येणारी एसटी डोंगराला लागून थांबली, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि प्रवासी खिडक्यांशी हात जोडून उभे राहिले. एका वळणावर मेंढपाळ आपला कळप थांबवून, फेटा काढून उभा होता.

देवानंदने आरशात पाहिलं. मागच्या वळणापर्यंत पांढऱ्या कपड्यांची रांग त्याच्या ट्रकमागे चालत होती. त्याच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी लाजेने कान गरम झाले.

शेजारी गुरुजी डोळे पुसत होते. "तीस वर्षं पोरं शिकोली म्या," ते म्हणाले, "पर श्रद्धा अशी चालोता येते हे आज पाह्यलं, देवानंद."

"गुरुजी, ते तसं नाई..."

"बोलू नको. चालू दे असंच."

रांगेत नांदुऱ्याच्या मनकर्णाबाईही होत्या. नवरा गेल्यावर त्याचं पंक्चरचं दुकान त्यांनी हाती घेतलं, त्याला आता चाळीस वर्षं झाली होती. मूर्तीसाठी त्यांनीही हातभार लावला होता, म्हणून त्या आल्या होत्या. बाकीच्या बायका मागे वंदना म्हणत होत्या, आणि या मात्र पुढच्या चाकाशी मान वाकडी करून चालत होत्या. घाट सरून रस्ता रुंद झाला, तशी त्यांनी केबिनच्या दारावर थाप मारली.

"बाप्पा, गाडी बाजूले घे. तुह्या गाडीची हवा जाऊन राह्यली."

"मावशी, टायर तं सगळे टाइट हायेत."

"टायरची कोन म्हनते? पोटातली जाऊन राह्यली. तू पाय दाबला का फुस्स करते, सोडला का चूप. घाटभर आयकून राह्यली मी."

गुरुजी आणि बाकीची मंडळी पाणी प्यायला झाडाखाली गेली, तशी देवानंदने केबिन पुढे कलंडवून इंजिन उघडं केलं. मनकर्णाबाईंनी पदर खोचला, हाताला फडकं गुंडाळलं, आणि टर्बोकडून निघालेल्या जाड रबरी पाइपावरून बोटं फिरवत खाली गेल्या. वरून पाइप नव्यासारखा होता. खालच्या अंगाला, जिथे तो लोखंडी पट्टीला घासत होता, तिथे त्यांनी तो जरा वाकवला. वीतभर फट ओठासारखी उघडली. सोडला, की मिटली.

देवानंदने स्वतः पाइप वाकवून पाहिला. उभ्या गाडीत ही फट मिटलेली राहत होती. भार आला, हवेचा दाब वाढला, की उघडत होती. लाख फेरे घेऊन पंख्याने जमवलेली सगळी हवा इथून रस्त्यावर जात होती. ती ऐकायची, तर कुणीतरी चढणाऱ्या ट्रकच्या चाकाशी चालत जायला हवं होतं, आणि तसं आजवर कोण चाललं असतं?

ताडपत्री बांधायच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गाडीत होत्या. मनकर्णाबाईंनी पट्टी ताणून ताणून पाइपावर गुंडाळली, वरून दोन ठिकाणी तारेचा फास दिला, आणि नवा पाइप भेटेपर्यंत काळजी नाही असं सांगून हात धुवायला गेल्या.

सगळे पुन्हा गाड्यांत चढले, ट्रक सुरू झाला आणि देवानंदला ती जुनी ओढ पाठीला जाणवली. बुलढाणा, चिखली, मेहकर कधी आलं नि गेलं, कळलं नाही. गुरुजींनी दोनदा दांडी घट्ट पकडली, पण श्रद्धेने चालवणाऱ्या माणसाला हळू चालव कसं सांगायचं?

तीनच्या आत मूर्ती सुलतानपुरात पोचली. विहारासमोर सगळं गाव जमलं होतं. गुरुजींनी माइक घेतला आणि घाटातली हकिकत सांगितली. मग त्यांनी देवानंदला पुढे बोलावलं. देवानंदने माइक हातात घेतला. समोर आई बसली होती, तिच्या शेजारी मनकर्णाबाई. आणि घाटात ट्रकमागे चाललेल्या बायका, ज्यांची पांढरी लुगडी धुराने करडी झाली होती.

"माहा ट्रक श्रद्धेनं हळू नव्हता चालत," तो म्हणाला. "पाइप फाटला होता. या मावशीनं कानानं पकडला. मले माफ करा."

गुरुजी चष्मा काढून पुसू लागले. तेव्हा मनकर्णाबाई बसल्या जागेवरूनच बोलल्या, "पाइप गाडीचा फाटला होता. एसटीचा तं नव्हता फाटला. ते काऊन थांबली?"

मग मागे कुणीतरी, वंदनेनंतर म्हणतात तसं, हळूच 'साधू' म्हटलं, आणि ते सगळ्या मंडपात पसरत गेलं. गुरुजींनी चष्मा पुन्हा चढवला आणि स्वतः उठून मनकर्णाबाईंना व्यासपीठावर नेलं. मूर्तीवरचं कापड काढायचा मान प्रमुख पाहुण्यांचा होता, पण पाहुण्यांनीच तो मनकर्णाबाईंना दिला.

कार्यक्रम संपला तेव्हा देवानंद मनकर्णाबाईंना शोधू लागला. त्या विहारामागे सापडल्या. तिथे चार ट्रॅक्टर, एक पिकअप आणि पाहुण्यांची स्वतःची जीप इंजिन चालू ठेवून ओळीने उभी होती. पाहुणे ॲक्सिलेटरवर पाय ठेवून बसले होते, आणि मनकर्णाबाई बॉनेटजवळ मान वाकडी करून उभ्या होत्या.

"उभ्यानं नाई कळत सायेब," त्या सांगत होत्या. "चढावर घ्या. मी चालते बाजूनं."

सुलतानपुरातला एकमेव चढ मग संध्याकाळपर्यंत मोकळा मिळाला नाही.