शोकाकुल लाहू

लाहू धोडी वारला तेव्हा घरात त्याचा एकच फोटो निघाला, आधारकार्डावरचा. त्यात तो चोरी करताना पकडल्यासारखा दिसत होता.

"तोच छापा," जमनाने मुलाला सांगितलं. "पण चांगला मोठा. नाक्यावरून जाणाऱ्याला कळू दे, कोण गेला ते. जल्मभर कोणी त्याचा फोटो काढला नाही."

दुसरी भीती तिने बोलून दाखवली नाही. लाहूचा आवाज अजून कानात होता, पण चेहरा आताच पुसट व्हायला लागला होता. डोळे मिटले की कधी नाक सापडायचं, कधी नुसत्या मिशा.

मुलगा प्रविण तारापूरला कारखान्यात कामाला. त्याने चारोटीच्या बॅनरवाल्या मनिषला मोबाइलवर आपला आणि बायकोचा फोटो पाठवला, आणि आणखी दोन. एक आधारकार्डावरचा आणि दुसरा घरातल्या भिंतीवरचा, रशियाच्या युरी गागारीनचा. अंतराळात जाऊन आलेला हा पहिला माणूस. लाहू पोरगा होता तेव्हा लाल बावट्याच्या लोकांनी पाड्यावर एक मासिक आणलं होतं, त्यातून तो कापलेला. पुढे तीन घरं बदलली, छप्पर कौलाचं झालं, पण चौकटीतला तो हेल्मेटवाला हसरा माणूस प्रत्येक भिंतीवर सगळ्यांत आधी चढला.

"सुताराचा पोर आहे," लाहू आल्यागेल्याला सांगायचा. "वर जाऊन परत आला!"

लाहू स्वतः ताडावर चढून ताडी काढायचा. हवा स्वच्छ असली की वरून डहाणूचा समुद्र दिसतो, असं त्याचं म्हणणं. "म्हणजे आमचं दोघांचं काम एकच," तो म्हणायचा. "तो जरा जास्त वर गेला, एवढंच."

म्हणून प्रविणने फोटोंखाली लिहिलं होतं की बाबा मोठे घ्या आणि युरी वरच्या कोपऱ्यात, लहान. मनिषने फोटो पाहिले, मजकूर पाहिला नाही. बॅनरच्या धंद्यात मोठा फोटो मेलेल्याचा आणि खालच्या रांगेतले लहान फोटो रडणाऱ्यांचे. कुठला मोठा करायचा हे फोटो बघून कळतं. एक स्वच्छ, हसरा, रुबाबदार. दुसरा धुरकट. मनिषला कसलीच शंका आली नाही.

बाराव्याच्या दिवशी सकाळी चारोटी नाक्यावर बॅनर लागला. कै. लाहू बारक्या धोडी यांना भावपूर्ण श्रद्धांजली. वर हेल्मेट घातलेला युरी गागारीन. खाली 'शोकाकुल' म्हणून प्रविण, त्याची बायको निलम, आणि त्यांच्या शेजारी, सगळ्यांत जास्त दुःखी चेहऱ्याने, लाहू.

एका मोटारसायकलवाल्याने बॅनर निरखून पाहिला. "हेल्मेट घालून पण गेला बिचारा," असं म्हणून त्याने आपलं हेल्मेट काढून हँडलला अडकवलं.

घरी यातलं कोणाला काही माहीत नव्हतं. भाताचं पातेलं उतरलं, वालाची आमटी झाली. खालचे शेजारी आले. पण तलासरीकडच्या डोंगरपाड्यांवरून येणारी जीप काही येईना. तिच्यात सगळं गणगोत होतं; निरोप उशिरा पोचल्याने मातीला यांतलं कोणी नव्हतं. लाहूचा जोडीदार काकड्याही जीपमध्ये होता. जन्मभर दोघांनी शेजारशेजारचे ताड धरले होते.

दुपार कलली तेव्हा प्रविणने फोन लावला. "काकड्याकाका, कुठे राहिलात?"

"घरी! जीप माघारी फिरवली आम्ही." काकड्या खुशीत होता. "अरे, तुझा बाप चांगला धडधाकट आहे!"

"काय?"

"नाक्यावर चहाला उतरलो, तर बॅनरवर रडणाऱ्यांत उभा. मेलाय तो कोणीतरी गोरा शिपाई. मीच सगळ्यांना बोललो, निरोप चुकला, चला घरी. जेवायला जायचं आणि मेलेलाच वाढायला पुढे आला, तर काय तोंड दाखवायचं?"

"काका, वर नाव होतं ना बाबांचं!"

"नाव कशाला बघू? मी लाहूला तोंडाने ओळखतो." मग आवाज खाली आला. "आनंदाने थोडी ताडी पण घेतली सगळ्यांनी."

प्रविणने फोन आईच्या हातात दिला.

"काकड्याभाऊ," जमना म्हणाली, "तो गेला. शेवटचं पाणी मीच पाजलं."



"खरंच गेला?"

"खरंच."

"मग मला आता पुन्हा पहिल्यापासून रडायला लागणार गं."

जीप दिवस मावळायच्या आत आली. गार झालेला भात सगळे मान खाली घालून जेवले. तेवढ्यात, प्रविणचा फोन गेल्यामुळे, मनिष धापा टाकत नवा बॅनर आणि नाक्यावरून उतरवलेला जुना घेऊन आला. नव्यात लाहू मोठा होता, घाबरलेला. खाली रडणाऱ्यांच्या रांगेत युरी गागारीन मनापासून हसत होता.

"त्याला काढायला विसरलो," मनिष म्हणाला.

"राहू दे," जमना म्हणाली. "ती फेड आहे."

तिला आठवलं. तिचं लग्न नवीन होतं तेव्हा. युरी विमान पडून गेल्याची बातमी आली आणि लाहू त्या दिवशी ताडावर चढलाच नाही. भाऊ गेल्यासारखं डोकं भादरून अंगणात बसला. ती चिडली होती. "तिकडे रशियात रडायला माणसं नाहीत का?" तो म्हणाला होता, "आहेत गं. पण इथून पण कोणीतरी पाहिजे ना."

"आई, जुना बॅनर गोठ्यावर टाकू का?" निलमने विचारलं. "पाणी गळतं तिथे."

"नको. तो घरात लाव."

"पण चुकीचा आहे तो. बाबा रडणाऱ्यांत आहेत."

"म्हणून तर." जमनाने जुना बॅनर ओट्यावर पसरला आणि त्या लहानशा धुरकट चेहऱ्यावर हात ठेवला. "नव्यात मोठा आहे, पण मेलाय. ह्यात अजून आपल्यात उभा आहे."

दुसऱ्या दिवशी नवा बॅनर नाक्यावर लागला. जुना आता पडवीच्या भिंतीवर आहे. काकड्या कधी डोंगरावरून उतरला की आधी त्याच्यापुढे थांबतो.

"बरा आहे ना गं लाहू?"

"बरा आहे," जमना आतून सांगते आणि चहा ठेवते.