निळ्या घरात मुलगी देणे नाही

कोणतंही संकट जोवर नीट अभ्यासलं जात नाही, तोवर त्याला संकट म्हणणं हा निव्वळ उतावळेपणा आहे. हे उंदरांना लागू आहे, व्याह्यांना लागू आहे आणि समुद्रालाही लागू आहे. आमचं बुर्ज मसऊद नाईलच्या मुखाशी, जिथे इजिप्त संपतो आणि बूरी मासे सुरू होतात तिथे. खालच्या गल्ल्यांत गेली काही वर्षं समुद्र येऊन जातो. (येतो, हे नक्की. जाण्याबद्दलच्या नोंदी अपुऱ्या आहेत.) पूर्वी लोक याला 'पाणी भरलं' असं अडाण्यासारखं म्हणत. मग सरकारने इथे 'समुद्र-परिणाम व पूर्वनियोजन केंद्र' काढलं, आणि तेव्हापासून त्याच पाण्याला 'निरीक्षणाधीन' म्हणतात. गावाला केवढा धीर आला म्हणून सांगू!

मी लबीब, या केंद्रातल्या अभ्यागत कक्षाचा प्रमुख. कक्ष म्हणजे एक खिडकी. खिडकीच्या आत मी, माझी खुर्ची, आणि खुर्चीच्या पायांखाली विटा. विटा कशाला, असं येणारा जाणारा विचारतो. जमीन जरा ओलसर असते, एवढंच. (नकाशावर आमची इमारत ठणठणीत कोरडी आहे. केंद्राचा नोंदलेला पत्ता कैरोचा असल्यामुळे हे शक्य झालं.)

केंद्राची सर्वांत मोठी कमाई म्हणजे 'उद्या'. हे एक नकाशायंत्र आहे. आमच्या बसंत नावाच्या इंजिनिअर मुलीने तीन वर्षं खपून ते तयार केलं. पडद्यावर घर दाखवायचं, साल घालायचं आणि 'रंग' हे बटण दाबायचं. त्या साली तिथे पाणी किती, त्याप्रमाणे घर रंगतं. पांढरं म्हणजे कोरडं, फिकट निळं म्हणजे घोटाभर, निळं म्हणजे गुडघाभर, गडद निळं म्हणजे उरलेलं सगळं. (त्याच्या पुढचा रंग मुद्दाम ठेवलेला नाही. लोक उगाच घाबरतात.) 'रंग'च्या शेजारी आणखी एक बटण आहे. त्यावर 'उपाय' असं लिहिलंय. त्याविषयी पुढे सांगतोच.

हे यंत्र खरं तर रस्ते, गटारं आणि शाळा बांधणाऱ्या खात्यांसाठी केलेलं. त्यांना रीतसर बोलावलं. चहा ठेवला, पाकात मुरलेला बसबूसा ठेवला. साहेब लोक आले, बसबूसा फार छान झालाय म्हणाले आणि गेले. त्यानंतर वर्षभर खिडकीशी चिटपाखरू फिरकलं नाही. मग एका सकाळी इन्शिराहबाई आल्या, आणि शासकीय संशोधनाला अखेर खरा कदरदान भेटला.

इन्शिराहबाई म्हणजे नवाराची आई. नवाराचा साखरपुडा माझा भाचा रागिब याच्याशी झालेला. आमच्याकडे नवऱ्या मुलाने घर द्यायचं आणि नवरीने त्या घरात नीश न्यायचा, ही रीत आहे. घर म्हणजे बापाच्या गच्चीवर चढवलेला मजला. त्यासाठीच तर गावातल्या प्रत्येक गच्चीतून लोखंडी सळया वर काढून ठेवलेल्या असतात. मुलगा मोठा झाला की सळयांवर मजला, मजल्यावर पुन्हा सळया. आणि नीश म्हणजे काचेचं कपाट. त्यात कपबशांचा भला मोठा संच मांडलेला असतो आणि त्यातून आजवर कुणीही चहा प्यायलेला नाही. (माझ्या बायकोने एकदा त्यातला एक कप काढला होता. तिची आई अजून तिच्याशी नीट बोलत नाही.)

रागिब होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने पोटाला चिमटा काढून तिसरा मजला चढवला होता, भिंतींना पिस्त्याचा रंगही दिला होता. लग्न तेवढं राहिलं होतं.

"उस्ताज लबीब, तुमच्या भाच्याचं घर दाखवा बघू," इन्शिराहबाई खिडकीत कोपर टेकून म्हणाल्या.

"अहो, परवाच तर पाहून आलात! नळ सोडून बघितलेत, दारं आपटून बघितलीत."

"ते आजचं घर झालं. मला नवाराची पोरं कॉलेजात जातील तेव्हाचं बघायचंय."

मी साल घातलं आणि 'रंग' दाबलं. घर गडद निळं झालं. मला वाटलं पडदा बिघडला, म्हणून मी दोन चापट्या मारल्या. आणखी निळं झालं.

"हे काय?"

"अंदाज आहे हो, नुसता अंदाज."

"माझ्या मुलीच्या नीशमध्ये मासे पोहणार, आणि तुम्ही अंदाज म्हणता? तरी म्हटलं, मुलाकडची माणसं एवढी गोड का बोलतायत! वल्लाही, पोरगी जन्मभर माझ्याकडे राहिली तरी चालेल, पण निळ्या घरात देणार नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि काय हो, माझ्या जावेच्या घराचा रंग कोणता?"

"गडद निळा."

"अरेरे," इन्शिराहबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम टवटवीत झाला होता.

संध्याकाळी मी कौसरकडे गेलो. कौसर माझी धाकटी बहीण, रागिबची आई. समोर तळलेला मासा होता आणि रागिब त्याच्याकडे परक्यासारखा बघत बसला होता. नवाराच्या बोटातली अंगठी तिच्या आईने अजून काढली नव्हती, पण फोन काढून घेतला होता. पोरगा माझ्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्याचं ते उतरलेलं तोंड मला बघवेना.

"तू त्या ऑफिसात बसतोस तरी कशाला रे?" कौसर माझ्यावर घसरली. "सख्ख्या भाच्याचं घर निळं करायला?"

"मी नाही गं केलं. समुद्र..."

"समुद्र माझा भाऊ आहे का? तू आहेस. जा, पांढरं करून आण!"

दुसऱ्या दिवशी आमचे संचालक डॉ. शिहाता यांच्यापुढे विषय ठेवला. डॉ. शिहाता म्हणजे बावनकशी शास्त्रज्ञ. ते म्हणाले, "शास्त्रात ढवळाढवळ करता येत नाही. फक्त सुधारणा करता येते." मग डोळे मिटून त्यांनी विचारलं, "मुलगा राहणार कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"आणि नकाशा कशाचा आहे?"

"जमिनीचा."

"मग झालं तर! मुलगी काय जमिनीवर देतायत?"

इतकी वर्षं जगभरचे विद्वान समुद्र कसा अडवावा यावर डोकं शिणवतायत, आणि आमच्या साहेबांनी नुसता मजला बदलून प्रश्न कोरडा केला.

"पण सर," बसंत म्हणाली, "तिसऱ्या मजल्याचा जिना जमिनीपासूनच सुरू होतो. पाण्यातून जिन्यापर्यंत जायचं कसं?"

"वाहतूक हे वेगळं खातं आहे."

"सर, त्यापेक्षा आपण..." बसंतला आणखी काही सांगायचं होतं, पण तेवढ्यात चहा आला.

अशा रीतीने 'मजलानिहाय कोरडेपणाचा दाखला' अस्तित्वात आला. मोजायचं कुठपासून, हा प्रश्न इन्शिराहबाईंनीच सोडवला. "फरशीचं मला काय करायचंय? पुसता येते. नीशच्या खालच्या फळीला पाणी लागणार का, तेवढं सांगा." साहेबांना ही कल्पना बेहद्द आवडली. 'नीश-रेषा' हे आता आमच्या केंद्राचं अधिकृत माप आहे. समुद्राची पातळी आम्ही नीश-रेषेपासून खाली मोजतो. परदेशातून एक पाहुणे आले होते. लोकांच्या जगण्यातून उगवलेलं असं माप आपण कुठे पाहिलं नाही, असं म्हणत त्यांनी डोळे पुसले. (खोलीत दमटपणाही होता.)

रागिबचा मजला पांढरा ठरला. ईदनंतरचा पहिला गुरुवार लग्नाला धरला. नवाराला फोन परत मिळाला. मी खूश, कौसर खूश, आणि गोष्ट खरं तर इथेच संपायची.

पण गाव आहे ते. पांढऱ्या दाखल्याची बातमी पसरली आणि खिडकीवर झुंबड उडाली. पहिल्या महिन्याची आकडेवारी अशी: अर्ध्या लोकांनी स्वतःच्या घराचा रंग विचारला, तीन चतुर्थांश लोकांनी व्याह्यांच्या घराचा आणि झाडून सगळ्यांनी शेजाऱ्याच्या घराचा. लग्नं जुळवणाऱ्या बायका 'मुलगी गोरी' म्हणायच्या आधी 'मजला पांढरा' म्हणू लागल्या. न्हावी गिऱ्हाइकाची दाढी करण्यापूर्वी रंग विचारू लागला. ज्याचा मजला निळा, तो वर आणखी एक मजला चढवी. ज्याचा पांढरा, तो शेजाऱ्याचं घर उंच दिसतं म्हणून चढवी. सुना वर गेल्या आणि सासवा तळमजल्यावर आल्या. सरकारी दप्तरात हे गावातलं पहिलं यशस्वी पुनर्वसन म्हणून नोंदलंय. (दिशा चुकली, हे मान्य.)

आमची माती त्या बसबूशासारखीच, भुसभुशीत आणि ओली. एवढे मजले चढल्यावर ती दबणारच. बसंतने मोजमाप केलं आणि पांढरीफटक होऊन साहेबांकडे गेली. "सर, गाव खचतंय! पुढच्या पिढीत येणारं पाणी आत्ताच येतंय!"

"म्हणजे आपलं भाकीत मुदतीआधीच खरं ठरलं?" डॉ. शिहाता खुर्चीतून उठून उभेच राहिले. "शाब्बास, पोरी!"

अहवाल कैरोला गेला. तिथे प्रत्येक टेबलावर सावधगिरी म्हणून पाण्याची उंची थोडी थोडी वाढवण्यात आली. कुणी मीटर वाढवला, कुणी दोन. एक साहेब रजेवर होते, त्यांच्या वाटचाही एक मीटर शिपायाने आठवणीने घातला. फाइल परत आली तेव्हा समुद्र मशिदीच्या मिनाराच्या सज्जापर्यंत पोचला होता. (कागदावर. गल्लीत तो अजून पोटरीइतकाच होता, पण कागदापुढे गल्लीला कोण विचारतो?)

नव्या आकड्यांनी रागिबचा तिसरा मजला फिकट निळा झाला. नीश-रेषा फक्त चार बोटं कमी पडत होती. आणि गुरुवार तोंडावर आलेला.

इन्शिराहबाई आल्या त्या वादळासारख्या. "चार बोटं का होईना, निळं ते निळं! चौथा मजला चढवा, नाहीतर गुरुवार विसरा!"

चौथा मजला चढवणं शक्यच नव्हतं. रागिबच्या बापाने मला भिंतीतली भेग दाखवली. तिच्यात माझा हात मनगटापर्यंत गेला. रागिब गच्चीवर सळया धरून बसला होता. मी माझ्या विटांवरच्या खुर्चीत बसलो आणि खरंच सांगतो, पहिल्यांदाच मला त्या यंत्राचा संताप आला.

तेवढ्यात नवारा खिडकीशी आली. डोळे रडून सुजलेले.

"मामा, तो मेला नीश छताला टांगा, नाहीतर कबुतरखान्यात ठेवा. मला काय त्यात चहा प्यायचाय? मला रागिब हवाय!"

मी उडालोच! अगं पोरी, एवढं सोपं! घर उचलायची गरजच काय? नीश उचला!

सुताराने दोन दिवसांत नीशला पाय बसवले, चांगले माझ्या छातीला लागतील एवढे. नीश छताला टेकला. आता खुर्चीवर चढून हात वर केला तरी नवाराचा हात वरच्या फळीवरच्या कपबशांपर्यंत पोचत नाही, आणि त्यामुळे संच अधिकच सुरक्षित झालाय. मी नवं माप यंत्रात घातलं, डोळे मिटले आणि 'रंग' दाबलं. पांढरं! शुभ्र, लख्ख पांढरं! मी खुर्चीवरून उडी मारली आणि सपकन पाण्यात उतरलो. ओलसर जमिनीत, म्हणजे.

डॉ. शिहाता यांनी लगेच याला 'बदलत्या परिस्थितीशी कपाटांचे जुळवून घेणे' असं नाव दिलं. गावातली बांधकामं थांबली आणि सुतारांकडे रांगा लागल्या. आज बुर्ज मसऊदमध्ये एकही निळा नीश नाही. हे भाग्य या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणत्या गावाला लाभलंय?

आणि गुरुवारी लग्न झालं. काय लग्न झालं म्हणून सांगू! गल्लीत पाणी गुडघ्याला लागत होतं, म्हणून ढोलवाल्यांनी विजारी वर खोचल्या आणि ढोल डोक्यावर धरून बडवले. नवरीला होडीत बसवलं आणि होडी रागिबने स्वतः ओढली, सूटबूट घालून, हसत हसत. बायका गच्च्यांवरून जिभा वळवून आनंदाच्या आरोळ्या ठोकत होत्या. तळमजल्यांच्या खिडक्यांतून सासवा पलंगावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. कौसर मला धरून रडली. इन्शिराहबाई हातात चपला घेऊन जिना चढल्या, छताला टेकलेल्या नीशकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बघा उस्ताज, एक थेंब लागणार नाही." मलाही गहिवरून आलं.

झालं एकदाचं लग्न. तुम्हालाही हायसं वाटलं ना? वाटणारच. चार बोटांवर आलेलं सगळं.

हां, एक राहिलंच. त्या दुसऱ्या बटणाविषयी पुढे सांगतो म्हणालो होतो. कुठल्या गल्लीला बांध घालायचा, कुठला नाला उपसायचा, कुठली घरं आधी हलवायची, ते सगळं बसंतने त्यात घालून ठेवलंय. चहा आला त्या दिवशी ती तेच सांगू पाहत होती. खिडकीशी आजवर कुणी त्या बटणाची चौकशी केली नाही, म्हणून तेही कधी दाबलं गेलं नाही. मी तुमची वाट बघत होतो, म्हटलं तुम्ही तरी विचाराल. पण तुम्ही वरातीत होता.