मिलमागील पटांगण सोडविल्याची हकीकत

शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सरे, चैत्रमास. संवत्सराचे नावच क्षय, तेथे पावसास दोष कोणी द्यावा? लातुरास जिल्ह्याचा शिरपेच चढून चौथे वर्ष चालू होते, कचेऱ्यांस रंग लागले होते, पाट्या बदलल्या होत्या, नळास पाणी तेवढे यावयाचे राहिले होते. ऐसे समयी धान्याच्या मोंढ्यापलीकडील डाळमिलच्या पाठीमागे जी गल्ली वसते, तिने आपले पटांगण मिलच्या अमलातून कैसे सोडविले, कोण शिकस्त झाले आणि किती पापड कामास आले, ते यथास्थित लिहितो. लिहिणार गल्लीचाच रहिवासी, सबब पक्षपाताचा आरोप आगाऊ कबूल आहे.

मिलचे धनी राजमान्य विरूपाक्ष अप्पा, तूरडाळीतले मातबर, पोट पुढे आणि शब्द त्याहून पुढे. जिल्हा नवा झाला तैसा अप्पांस राज्यविस्ताराचा लोभ उपजला आणि त्यांनी नवे यंत्र आणविले आणि तूर दुपटीने घेतली. मग ध्यानी आले की तुरीस तेलपाणी दिल्यावर ती उन्हात पसरावी लागते आणि मिलचे अंगण तर पुरत नाही. मग त्यांची नजर गल्लीच्या मोकळ्या पटांगणावर गेली आणि एका आठवड्यात तेथे सिमेंटचा कोबा पडला आणि तोंडाशी दोन दगड रोवून साखळी ताणली गेली आणि मुकादम शेषेराव यांस तेथील किल्लेदारी मिळाली. जागा कोणाची, ऐसे पुसणारास शेषेराव सांगत, "कागद हाय अप्पाजवळ." तो कागद आजतागायत कोणी पाहिला नाही.

आता याच पटांगणात नगरपालिकेचा टँकर एक दिवसाआड येऊन उभा राहत असे. गल्लीच्या हापशास नुसता खडखडाट, आणि मिलच्या बोअरचे पाणी ऐसे खारट की तुरीने प्यावे, माणसाने पिऊ नये. साखळी लागताच टँकरचे सरदार मलप्पा ड्रायव्हर यांनी आत शिरण्याचे सोडले आणि थोरल्या रस्त्यावरच, जेथे आणखी तीन गल्ल्यांची फौज घागरी घेऊन तुटून पडे, तेथे टाकी रिती करून ते निघून जाऊ लागले. सर्वांत मोठा घोर सरजाबाईंस पडला. त्यांची सून सिंधू नुकतीच बाळंत झालेली, आणि मायलेकरांच्या न्हाण्यास मिळून पाणी अर्धी घागर. नातू जन्मल्यापासून ओल्या फडक्यानेच पुसला जात होता आणि घामोळ्यांनी अंग भरून दिवसभर रडत होता. एवढी ओळ लिहिताना मात्र हसू येत नाही.

प्रथम सामोपचार झाला. विहारालगतच्या कस्तुराबाई, ज्यांचे यजमान टपालखात्यात, त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि पंधरा घरच्या सह्या-अंगठे घेऊन नव्या कचेरीत रुजू केला. जबाब आला की, सदर गल्लीचा नकाशा अद्याप जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, तो येईतो सबुरी धरावी. सबुरी गल्लीपाशी मुबलक होती. पाणी नव्हते.

ऐशात अप्पांच्या कन्येचे लग्न कंधारास ठरले आणि अप्पांचे कुटुंब पार्वतम्मा यांनी शिरस्त्याप्रमाणे रुखवताच्या पापडांचे पीठ लाटावयास गल्लीत धाडले. लढाई अप्पांशी आणि लग्न लेकीचे, या दोन गोष्टी गल्लीने कधी एकत्र केल्या नाहीत. ज्या घागरींत स्वतःस पुरेना, त्यांतूनच तांब्या तांब्या गोडे पाणी निघाले आणि पीठ मळले गेले आणि पंधरा पोळपाट मांडले गेले. त्याच बैठकीत सरजाबाईंनी लाटणे उगारून हुकूम फर्मावला, "अर्ज लई झाले. आता समद्यांचं वाळवण एकाच दिशी, त्या कोब्यावरच घालायचं. अप्पानं जागा झकास करून ठिवलीय."

चैत्र वद्य षष्ठीस मिलचा भोंगा होण्याअगोदर फौज बाहेर पडली. साखळीखालून वाकून पंधरा घरच्या बाया आत शिरल्या आणि जुनी लुगडी अंथरली आणि त्यांवर उडदाचे पापड, गव्हाच्या कुरडया, बाजरीच्या खारवड्या ऐशा पसरल्या की पटांगणात मुंगीस वाट उरली नाही. मग चारी कोपऱ्यांस एकेक म्हातारी कावळे हाकण्याच्या मिषाने तैनात झाली.

भोंगा झाला आणि हमालांची पलटण भिजल्या तुरीची पोती पाठीवर घेऊन आली आणि जागीच थबकली. वाळवणाच्या कडेला चपला निघाल्या, पोती उतरली आणि एकही पाऊल पुढे पडेना. निम्म्या हमालांच्या बायकांचेच वाळवण ते, आणि बाकीच्यांसही आया होत्या. शेषेराव मुकादमांनी चढाईचा हुकूम दिला. हमालांतले वडीलधारे निवृत्ती म्हणाले, "मुकादम, वाळवणावर पाय द्यायला आमाला घरी जेवायचं न्हाई का?" शेषेराव दोन पावले मागे सरले, कारण तेही घरीच जेवत.

तूर भिजलेली, ऊन चढलेले, दुपारपर्यंत न पसरावी तर माल आंबणार. हे वर्तमान ऐकून खासा अप्पांची स्वारी फटफटीवरून रणात दाखल झाली. बहुत गर्जना केली. बाया जागच्या हलल्या नाहीत. मग अप्पांनी, शत्रू झाला तरी रीत न मोडता, पायताण काढले आणि समोरचे पहिले लुगडे दोन्ही हातांनी धरून जातीने ओढले. अर्धे ओले पापड एकमेकांवर घसरले, मुडपले, चिकटले, आणि पाच-सहाशे वीर एका झटक्यात लगदा होऊन पडले.

"अगंबाई!" सरजाबाई एवढेच बोलल्या, आणि तोंडावर पदर धरला.

तो लगदा रुखवताचा होता. पुढे कित्येकांनी हा सरजाबाईंचा कावा म्हणून वाखाणिला, परंतु ते खरे नव्हे. दुसऱ्याच्या घरचे वाळवण अगोदर आणि चांगल्या उन्हात घालावे, अशी गल्लीची चाल, म्हणून अप्पांचे पापड पहिल्या ओळीत. अप्पांस ही चाल ठाऊक नव्हती. चाळीस वर्षे पापड खाल्ले, परंतु ते वाळतात कोठे याची चौकशी कधी केली नव्हती.

आरडाओरडा ऐकून पार्वतम्मा अनवाणी धावत आल्या, लगदा पाहिला, आणि यजमानांकडे जी दृष्टी टाकली तिच्यापुढे तोफ बरी. तमाम हमालांसमक्ष त्या बोलल्या, "आठ दिसांवर लगीन! कंधारच्या व्याह्यांना काय दावू? तुमची साखळी?" अप्पांचे पोट मागे गेले. मग पार्वतम्मांनी सरजाबाईंचे हात धरले आणि रडवेल्या होऊन, पुन्हा लाटून द्याल का, ऐसे पुसले.

"लाटतो की अक्का," सरजाबाई म्हणाल्या, "लेक तुमची तशी आमची. पर पीठ मळायला पानी लागतंय. बोअरच्या खाऱ्या पान्यानं पापड तांबडं पडतंय. अन् गोडं पानी या साखळीमुळं आत येत न्हाई. माझा नातू नऊ दिस झाले, धड न्हाला न्हाई."

पार्वतम्मांनी अप्पांकडे पाहिले आणि अप्पांनी शेषेरावांकडे पाहिले आणि शेषेरावांनी किल्ली काढून साखळी उतरविली.

तेथेच तह झाला तो ऐसा. साखळी आणि दगड काढावे, पुन्हा घालू नयेत. टँकरच्या दिवशी कोब्यावर तुरीचा दाणा पडू नये. इतर दिवशी अर्धा कोबा मिलचा, अर्धा गल्लीच्या वाळवणाचा. बदल्यात त्या दिवशीची भिजली तूर गल्लीने आपल्या पत्र्यांवर व ओट्यांवर वाळवून द्यावी. हे कलम गल्लीने इमानाने पाळले. कोंबड्यांनी जे खाल्ले, ते तहात नव्हते.

तिसऱ्या प्रहरी मलप्पा सरदारांचा टँकर भोंगा वाजवीत पटांगणात दाखल झाला. ज्या बाया सकाळी एकदिलाने लढल्या, त्याच आता नंबरावरून एकमेकींच्या झिंज्या धरावयास निघाल्या. परंतु पहिली घागर कोणाची, यावर तंटा झाला नाही. कस्तुराबाईंनी ती स्वतः भरून सरजाबाईंच्या न्हाणीत नेऊन ओतली.

मग चुलीवर पाणी तापले आणि सरजाबाईंनी पाय लांब करून नातवास त्यांवर पालथे घातले आणि तांब्यामागून तांब्या, हात न आखडता, ओतला. बाळराजे प्रथम बोंबलले, मग गप्प झाले आणि आजीच्या पायांवरच गाढ झोपले. सिंधू दारात उभी राहून रडत होती. सरजाबाई तिला म्हणाल्या, "रडू नगं. आता तुझा नंबर." येणेप्रमाणे फत्ते जाहली.