नदीअलीकडचा ठिपका

परसातली खताची बादली ओतायला बायकोनं उचलली आणि माशीमास्तर भरल्या ताटावरून उठून धावले.

"थांब! खाली ठेव. आत कुणीतरी आहे."

कुजलेल्या पाल्याच्या पाण्यात लांब शेपटीच्या अळ्या वळवळत होत्या. मास्तरांचे डोळे पाणावले. अशाच अळ्यांतून निघणारी, फुलापुढे हवेत टांगल्यासारखी स्थिर राहणारी, अंगावर गांधीलमाशीचे पट्टे मिरवणारी, पण डंख नसलेली अशी एक माशी ते नदीच्या अलीकडे तीस वर्षं शोधत होते. नदीपलीकडे ती गावोगाव होती. अलीकडे एकही नाही. सापडेल तिथं नकाशावर ठिपका द्यायचा. मास्तरांच्या नकाशात नदीपलीकडे ठिपक्यांची रांगोळी आणि अलीकडे कोरा कागद. पंधरा दिवसांनी नकाशा छापायला जायचा होता.

"नुसत्या अळीवरून जात ठरत नाही," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "माशी बाहेर पडेपर्यंत बादली हलणार नाही."

वास मात्र हलला. जिना चढून तो वकीलबाईंकडे गेला आणि वकीलबाई खाली उतरल्या.

"मास्तर, परसात हे चालायचं नाही. नोटीस देईन."

"परसात नको ना? बरं."

मास्तरांनी बादली न्हाणीघरात नेली, खिडकीला जाळी ठोकली. अळ्यांना कोष करायला कोरडी माती लागते, म्हणून जमिनीवर वीतभर माती पसरली.

"आणि माणसांनी अंघोळ कुठं करायची?" बायकोनं विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून दोघं खांद्यावर टॉवेल टाकून वकीलबाईंच्या दारात उभी राहू लागली. यावर कसली नोटीस द्यायची, ते बाईंना सुचेना.

छपाईच्या आदल्या सकाळी न्हाणीघरात उजेडाच्या तिरिपेत पाच माश्या तरंगत होत्या. जणू न दिसणाऱ्या दोऱ्यात ओवलेल्या. तीच जात! मास्तरांनी पेन्सिलीचा ठिपका दिला.

बायको पदराशी चाळा करत उभी होती. "सांगू नये असं वाटतंय. पण छापून गेल्यावर सांगून काय उपयोग? बादलीत मी माहेरच्या खड्ड्यातला गाळ घातला होता. विरजण म्हणून."

तिचं माहेर नदीपलीकडचं.

मास्तरांनी नकाशा पुढ्यात ओढला. "माणसानं आणलेली नोंदीत धरत नाहीत," म्हणाले, आणि खोडरबर शोधू लागले.

"अहो, पण पंख इथं फुटले ना?"

"आणलेली ती आणलेलीच."

"मलाही तुम्ही तिकडूनच आणलंत," ती शांतपणे म्हणाली. "माझा ठिपका कुठं?"

मास्तरांनी बराच विचार केला. प्रश्न शास्त्राचा होता.

"तुझी नोंद पक्की आहे," ते अखेर म्हणाले. "इथं दोन पिल्लं झाली. वंश वाढला की धरतात."

ठिपका पुसला गेला. नकाशा नदीअलीकडे तसाच कोरा छापायला गेला.

संध्याकाळी वकीलबाई आशेनं खाली आल्या. "संपलं ना एकदाचं?"

बायको न्हाणीघराच्या दारात आडवी उभी राहिली. "कुठलं हो! त्यांना अंडी घालू द्या आधी. पुढची पिढी इथली धरतात." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "उद्या अंघोळीला जरा लवकर येऊ का?"