मॉनिटरपदाचा दिनविशेष

इतिहास कसा शिकवावा हे आमच्या शाळेत फक्त मला कळतं, अशी परवापरवापर्यंत माझी ठाम समजूत होती. रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहायचा आणि त्यावरून मुलांकडून काहीतरी करून घ्यायचं, ही कल्पना माझीच! पहिलं विमान उडालं त्या दिवशी आम्ही कागदी विमानं उडवली. त्यातलं एक गणिताच्या सरांच्या चहात उतरलं, पण मुख्याध्यापिका बाई खूश होत्या!

मग तो दिवस उजाडला. फळ्यावर लिहिलं : याच दिवशी एका देशात बायकांना पहिल्यांदा मताचा हक्क मिळाला.

"सर, एक शंका!" मागच्या बाकावरून आवाज आला. स्कूलबसच्या ड्रायव्हरची ही मुलगी. इतक्या शंका विचारायची, की सगळे तिला 'शंका'च म्हणत. "आपल्या वर्गाचा मॉनिटर कुणी निवडला?"

मॉनिटर म्हणजे भाचेराव. बाईंचा सख्खा भाचा! त्याला देवानेच निवडला होता.

"घेऊ या की निवडणूक!" मी म्हणालो.

गणिताच्या सरांनी दारातून ऐकलं आणि मला कोपऱ्यात ओढलं. "अहो, आगीत हात घालताय!"

"छे हो! बाईंच्या भाच्याला पाडायची कुणाची छाती आहे?"

शंकाही निवडणुकीला उभी राहिली. खडूच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या पडल्या. खबरदारी म्हणून एक चिठ्ठी मीही टाकली. मोजायला बसलो आणि तोंडचं पाणी पळालं. शंका, शंका, शंका! भाचेरावांना अख्खं एक मत. ते माझं होतं.

"अरे, तू स्वतःला तरी द्यायचंस!" मी त्याच्या कानात ओरडलो.

"नको सर! बोलणाऱ्यांची नावं मी लिहायची आणि सुट्टीत मारही मीच खायचा. सुटलो एकदाचा!" कित्येक महिन्यांनी ते पोर हसलं.

दहा मिनिटांत बातमी पोचली आणि बाई वर्गात. टेबलावरचं चिठ्ठ्यांचं खोकं त्यांनी उचललं, आणि चेहरा असा, जणू मी त्यात साप भरून ठेवला होता.

"हा काय प्रकार आहे, सर?"

"बाई, लोकशाही..."

"ती पुस्तकात असते. तिथेच ठेवा." त्या मुलांकडे वळल्या. "चिठ्ठ्यांत घोळ होतात. आता सगळं उघड. भाचा मॉनिटर हवा त्यांनी हात वर करा!"

आणि बाई एकेकाच्या डोळ्यांत बघत उभ्या राहिल्या. हात वर गेले. आधी पुढच्या बाकांवरचे, मग मधले. भाचेरावांनी रडत रडत स्वतःचा हात वर केला. बाईंची नजर माझ्यावर आली. फळा पुसायच्या निमित्ताने माझा हात वर होताच. तो मी तसाच ठेवला.

शंकाचे हात तेवढे बाकावर होते. ती बाईंकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"बसच्या ड्रायव्हरची मुलगी ना ही?" बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "वडिलांना भेटायला सांग मला."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीतून निघून तिचे वडील माझ्यासमोर आले. अंगात बसचा गणवेश, टोपी काखेत. मला वाटलं, आता हा माणूस माझी कॉलर धरणार. धरली असती तर बरं झालं असतं!

"सर, पोरीचं चुकलं. नोकरीचा प्रश्न आहे हो. घरी नीट समजावलंय तिला. यापुढे सगळ्यांबरोबर हात वर करेल."

"शाब्बास!" माझ्या तोंडून निघून गेलं.

सवय हो, दुसरं काय!