हकीकत डाव्या चाकांच्या दहा नटांची

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, गुरुवार, ते दिवशी हडपसर प्रांती एका गल्लीच्या शेवटल्या बंगल्याचे फाटकावर जे जाहले, त्याविषयी लोक मनास येईल तैसे बोलतात. कोणी म्हणतात गाडी ढकलली, कोणी म्हणतात उतारावरून घरंगळली. सबब खरे ते एक वेळ कागदावर यावे म्हणोन ही हकीकत साद्यंत लिहिली आहे. वाचणारांनी वाचते समयी हसू नये, कारण ते समयी तेथे कोणी हसत नव्हते.

राजश्री हिंमतराव हे बिस्किटांच्या कारखान्यात दर्जातपासणीच्या खात्यावर एकतीस वर्षे अंमल करून, लक्षावधी बिस्किटे नापास करून, मग सेवानिवृत्त जाहले. त्यांचे तीर्थरूप कैलासवासी आबा यांनी लष्कराच्या लिलावात एक जीप हस्तगत केली होती, आणि हडपसरात इमारतींऐवजी ऊस उभा होता त्या काळी तीत उसाचे बेणे, दुधाची कॅने आणि गावची वऱ्हाडे यांची ने-आण केली होती. आबा निवर्तले आणि मग जीप गॅरेजमध्ये बावीस वर्षे मुक्काम करून राहिली, आणि तीत मांजरांच्या सात पिढ्या नांदल्या. परंतु तिच्या स्टिअरिंगवर आबांच्या दोन्ही अंगठ्यांच्या जागी रंग उडून लोखंड दिसत असे, आणि ती दोन ठिकाणे हिंमतराव कोणासही पुसू देत नसत, आणि का ते सांगतही नसत.

मग हिंमतरावांनी जीप उभी करण्याची मसलत केली, आणि दर बुधवारी व रविवारी जुन्या बाजारावर स्वाऱ्या करून सुटे भाग आणिले, आणि चौदा महिन्यांत इंजिन बोलते केले. ते प्रथम बोलले ते दिवशी असा धूर जाहला की महापालिकेची डासांची फवारणी आली असे समजून शेजाऱ्यांनी खिडक्या लाविल्या.

इतक्यात घरातून हुकूम निघाला. कन्या तेजस्विनी आयटी कंपनीत मनसबदार. तिची नवी मोटार दसऱ्यास दाखल होणार होती आणि तिला गॅरेज पाहिजे होते. हिंमतरावांच्या पत्नी सौभाग्यवती सत्यशीलाबाई यांनी शाळेत छत्तीस वर्षे शास्त्र शिकविले होते, आणि त्यांनी दिलेली तारीख कधी पुढे गेली नव्हती. त्यांचा हुकूम चुंबकाने फ्रिजवर लागला, तो येणेप्रमाणे : जीपने दसऱ्याचे दिवशी सूर्यास्तापूर्वी आपल्या चाकांवर, आपल्या इंजिनाने, फाटक ओलांडून समोर हिंमतरावांचे चुलत बंधू सर्जेराव यांच्या मोकळ्या प्लॉटात जावे, म्हणजे तेथे चिंचेखाली तिला कायमची जागा. न गेल्यास दुसरे दिवशी भंगारवाला येईल. त्याजशी बोलणे झाले आहे. हिंमतरावांनी हुकूम तीन वेळा वाचिला, आणि दूध न घेताच फ्रिज लाविला.

चारही चाकांचे ब्रेक आत गंजून धरले होते, आणि ते सोडविण्यास चाके उतरविणे प्राप्त होते. तेच सर्जेराव कुमकेस आले. उजव्या बाजूची दोन चाके एका सकाळीत शरण आली, नाश्त्याचे पोहे निवण्यापूर्वी. मग फौज डावीकडे वळली, आणि तेथे दोन चाकांचे दहा नट ऐसे ठाण मांडून बसले की एकही तसूभर हलेना. रॉकेल पाजले, हातोडे घातले, ब्लोलॅम्पची आग दिली, आणि मग पान्यास साडेचार फुटी पाइप जोडून दोघेही मातब्बर त्यावर लोंबकळले. पाना मोडला. दुसरा आणिला. मग एक बोल्टच मुळासकट तुटला, आणि तो धारातीर्थी पडलेला पाहून सर्जेराव घाम पुसत बोलिले, "दादा, ह्यो नट न्हाय, ह्यो आपला गाववाला हाय. जागा सोडायचा न्हाय."

चौथे दिवशी तारेच्या ब्रशाने गंज काढिता उरलेल्या बोल्टांच्या डोक्यावर एक इंग्रजी अक्षर प्रकट जाहले : एल. त्यावर मसलत बसली. हिंमतरावांनी चष्मा पुसून निवाडा दिला की एल म्हणजे लेफ्ट, आणि हे चाक डावे आहे हे लष्कराने लिहून ठेविले आहे. सर्जेराव म्हणाले, मिल्ट्रीची शिस्त ती शिस्त. आणि दोघांनी त्या शिस्तीची तारीफ करून पुन्हा पूर्ववत त्याच बाजूने जोर लाविला.

तेजस्विनी मोबाइल घेऊन आली. "बाबा, फक्त दोन मिनिटांचा व्हिडिओ आहे. बघा ना, प्लीज."

"आबांची गाडी आम्हाला आता कॅलिफोर्नियाचा पोरगा शिकवणार का?"

"ओके. एन्जॉय," इतके बोलून ती माघारी गेली.

त्यात पितृपक्ष चालू होता. सर्जेरावांनी शंका काढिली की गाडी आबांची, दिवस पितरांचे, आणि आबाच चाक धरून बसले असतील. तेव्हा सर्वपित्री अमावास्येस जीपच्या बॉनेटवर खीर, वडे आणि अळूची भाजी असा नैवेद्य ठेविला, आणि हिंमतरावांनी हात जोडून मनातल्या मनात काय मागितले ते त्यांनाच ठाऊक. कावळा तत्काळ आला, पोटभर जेवला, आणि जाताना विंडस्क्रीनवर खूण ठेवून गेला. नट होता तेथेच राहिला. ते दिवशी मात्र हिंमतरावांचे धैर्य खचले, आणि ते गाडीत बसून राहिले, चहा आणला तो थंड होऊन गेला.

होता होता खंडेनवमी आली. ते दिवशी हत्यारांची पूजा करावी आणि हत्यार चालवू नये ऐसा रिवाज. सत्यशीलाबाई तबक घेऊन गॅरेजमध्ये आल्या, पान्याला, हातोड्याला, पाइपाला हळदकुंकू वाहिले, आणि मग डाव्या चाकास बोट लावण्यास वाकल्या त्या वाकूनच राहिल्या.

"अहो, हे एल काय आहे?"

"लेफ्ट. डावं चाक."

"उजवीकडे आर आहे?"

"नाही. उजवीकडचे बोल्ट कोरे आहेत."

"म्हणजे मिलिटरीला उजवं चाक ओळखता येत होतं, फक्त डावं येत नव्हतं?"

सर्जेरावांनी टोपी काढून आत पाहिले, जणू उत्तर तेथे असावे.

"आटे उलटे आहेत," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "टेबलफॅनच्या पात्याचा नट नाही का उलटा सुटत? तसे. तुम्ही दोघं तीन आठवडे हे नट घट्ट करताय."

"वैनी, मंग आत्ताच फिरवू?"

"भावजी, आज खंडेनवमी. पाना पूजेत आहे." आणि त्या तबक घेऊन आत गेल्या.

मग दसरा उजाडला. पान्यावरील फूल हिंमतरावांनी कपाळाला लावून बाजूस ठेविले, पाना नटावर चढविला, आणि ज्या दिशेला तीन आठवडे शत्रू समजत आले त्या दिशेस जोर केला. कट् ऐसा आवाज जाहला आणि नट फिरला. सर्जेरावांनी हिंमतरावांच्या पाठीवर थाप मारिली, ती दुपारपर्यंत दुखत होती. नऊ नट कैद जाहले, ब्रेक सुटले, चाके पुन्हा चढली, आणि पाच वाजून दहा मिनिटांनी इंजिन सुरू जाहले.

परंतु संकट संपले नव्हते. गाडी अंगणात वळवून तोंडाने फाटकाबाहेर न्यावी, त्यासाठी आधी पुढचे गिअर पारखावे म्हणोन पहिला टाकिला, गाडी हलेना. दुसरा टाकिला, हलेना. तिसरा टाकिता आतून दळण दळल्यासारखा आवाज आला. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीमागे उतरू लागला. मग निरुपायाने त्यांनी रिव्हर्स टाकिला, आणि जीप एक वीत मागे सरकली.

गाडीचे तोंड गॅरेजच्या भिंतीकडे आणि पाठ फाटकाकडे होती, म्हणजे मागे मागे जाणे हीच वाट उरली होती. परंतु सर्जेराव रुमाल आडवा धरून उभे राहिले. "दादा, थांब. शिलंगणाला पाठ दावून जात्यात व्हय? वैनी ह्ये धरतील का?"

प्रश्न घरात गेला. सत्यशीलाबाईंनी फ्रिजवरचा हुकूम काढून आणिला आणि अंगणात उभ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचिला. हिंमतरावांनी इंजिन बंद केले नाही. बंद केले असता पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता. ते फक्त आरशात पत्नीच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"हुकमात दिशा लिहिलेली नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "चला. सहा वाजत आले."

मग सर्जेराव रुमाल फिरवीत पुढे, म्हणजे मागे, चालिले. आणि जीप धूर सोडीत, थरथरत, पाठ करून निघाली. आणि सोने लुटण्यास निघालेले गल्लीतील लोक आपट्याची पाने हातात धरून भिंतींस चिकटले. आणि एक स्कूटरवाला हॉर्न वाजवू लागला तेव्हा सत्यशीलाबाईंनी त्याजकडे केवळ पाहिले आणि हॉर्न थांबला. पाच वाजून बावन्न मिनिटांनी मागील चाकांनी, आणि तदनंतर पुढील चाकांनी फाटक ओलांडिले. चिंचेखाली पोचताच इंजिन आपण होऊन बंद पडले. हिंमतराव खाली उतरले नाहीत. सत्यशीलाबाईंनी तेथेच फोन लाविला आणि भंगारवाल्यास सांगितले, "उद्या येऊ नका. नाही, परवाही नको."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सूर्यास्तास पंचवीस मिनिटे बाकी होती. अंतर सत्तावीस मीटर, टेपने मोजिले, सर्व मागे. शरण आलेले नट नऊ. बोल्ट एक आणि पाना एक कामास आले, ते स्वकीयांच्याच हातून. जीप आज चिंचेखाली उभी आहे. ती पुढे जात नाही. परंतु आता तिला कोणी नेतही नाही.