डॉक्टर विकणे आहे

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचं इंटरनेटवरचं नाव मुदत संपून गेलं आणि ते भलत्याच माणसाने रीतसर घेतलं. मुदतीच्या सूचना आल्या नव्हत्या असं नाही. त्याच नावाच्या ईमेलवर त्या इमानेइतबारे येत होत्या. पण तो ईमेल मेव्हण्याने काढून दिलेला असल्यामुळे डॉक्टर तो तत्त्व म्हणून उघडत नसत. सहा महिन्यांनी दात दाखवायला न येणाऱ्या पेशंटला मात्र ते फैलावर घेत.

आता साइटवर एकच ओळ झळकत होती : 'विकणे आहे.' दवाखान्यातली खुर्ची ओस पडली. वरची कवळी बसवून झालेले एक आजोबा तेवढे आले.

"विकताय म्हणे. जाण्याआधी खालची देऊन टाका."

डॉक्टरांनी इंटरनेटवरची नावं देणाऱ्या नोंदणी कक्षाला फोन लावला. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या.

"मूळ मालक तुम्हीच, हे आधी सिद्ध करा. जुन्या ईमेलवर कोड पाठवलाय, तो सांगा."

"अहो, तो ईमेल त्याच नावाचा. कोड त्या माणसाकडे जाणार."

"हो, त्यांनी लगेच सांगितलासुद्धा. फार सहकार्य करतात ते."

कक्षाने निर्णय दिला : कोड सांगणारी व्यक्ती हीच मूळ डॉक्टर असून तक्रारदार तोतया असल्याचा संशय आहे. पदवी, दवाखान्याची पाटी आणि प्रत्यक्ष तक्रारदार हे पुरावे ऑनलाइन पडताळता न आल्याने अमान्य.

"माझ्या भावाचा ईमेल उघडला असता तर बोटं झिजली असती का?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी नव्या मालकालाच गाठलं. माणूस सज्जन निघाला.

"देतो की परत. पण नाव फक्त मूळ मालकालाच परत देता येतं, आणि कक्ष म्हणतो तो मीच."

संध्याकाळी शेजारचा शिंपी सुजलेला गाल धरून दारात आला. आत दिवा चालू, डॉक्टर पांढऱ्या कोटात उभे. शिंपी मोबाईल बघत होता.

"या ना आत."

"आलो असतो हो. पण इथे विकणे आहे म्हणतात."

"अरे, मी समोर उभा आहे."

"ते दिसतंय मला," शिंपी सहानुभूतीने म्हणाला. "बघतो, नवे डॉक्टर कधी येतात ते." आणि गाल सांभाळत निघून गेला.

तुम्ही असं कधी करणार नाही, हे उघडच आहे. परवा दुकानाच्या काचेला नाक लावून, आत दिवे आणि माणसं दिसत असताना, ते उघडं आहे का हे मोबाईलवर तपासणारं माणूस वेगळंच कुणीतरी होतं. तुमच्यासारखं दिसत होतं, इतकंच.